बहिःस्थ: एका एलएलबीची ४६ वर्षं

दर जून-जुलैत आमच्या अभ्यासकेंद्राच्या खिडकीशी एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो एसटीत वाहक असलेल्या एका ताईंनी विचारला. मुक्त विद्यापीठातून त्यांचं बीए झालेलं, गुणपत्रिका न्यायला आल्या होत्या. ती पिशवीत घालता घालता म्हणाल्या, "सर, आता एलएलबी करायचंय. तेही असंच होतं ना? पुस्तकं घरी आणि रविवारी संपर्कसत्र?"

होत नाही. ज्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळते ती भारतात दूरशिक्षणानं करता येत नाही. संमंत्रक, म्हणजे केंद्रावरचा मार्गदर्शक शिक्षक, म्हणून हे उत्तर मी इतक्या जणांना दिलंय की आता ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. बहुतेक जण मान हलवून निघून जातात. या ताई गेल्या नाहीत. "का होत नाही?" एवढंच म्हणून उभ्या राहिल्या, मागं रांग असताना.

नियम सांगून झाले तरी 'का'चं उत्तर उरतंच. ते द्यायची वेळ आली की मी एका विद्यार्थ्याचं प्रकरण काढतो. हा विद्यार्थी १९४३ मध्ये एलएलबीला बसला आणि १९८९ मध्ये पास झाला. मधल्या ४६ वर्षांत तीन विद्यापीठं झाली, त्यातली दोन दूरशिक्षणाची. हुशारीबद्दल त्याची ख्याती नव्हती. आपण विद्यार्थी म्हणून सुमारच होतो हे तो स्वतःच सांगायचा. नाव नेल्सन मंडेला.

मंडेलांचं तुरुंगातलं शिक्षण बहुतेकदा प्रेरणेची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला त्यात प्रेरणेपेक्षा व्यवस्थापन जास्त दिसतं. टपाल कोण उघडतं, पुस्तक किती दिवसांनी हातात पडतं, टेबल किती उंचीवर आहे, फी कोण भरतं, परवानगी कुणाच्या सहीनं मिळते आणि कुणाच्या लहरीनं जाते, या तपशिलांवर दूरशिक्षण तरतं किंवा बुडतं. 'आपल्या सोयीनं शिका' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. ती सोय नेमकी कुणाची, हे या प्रकरणाइतकं उघड दुसरीकडं कुठं दिसत नाही.

आधी त्या दोन विद्यापीठांबद्दल थोडं. लंडन विद्यापीठानं १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या. तुम्ही कुठंही राहा, कुणाकडंही शिका, परीक्षा द्या, पदवी लंडनची. शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठाची नव्हती. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं तेही लंडनच्याच साच्यातून, म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं तेही परीक्षा घेणारं मंडळच होतं. दक्षिण आफ्रिकेत १८७३ मध्ये त्याच साच्यातून केप ऑफ गुड होप विद्यापीठ निघालं. पुढं त्याचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिका झालं, म्हणजे युनिसा, मुक्काम प्रिटोरिया. १९४६ पासून ते टपालानं शिकवूही लागलं. मुक्त विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडं रुजायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मंडेलांचं बीए या युनिसाचंच. फोर्ट हेअरच्या कॉलेजातून विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीच्या वादात १९४० अखेर बाहेर पडावं लागलं. १९४१ मध्ये ते जोहान्सबर्गला आले आणि एका वकिलांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले. मुक्काम अलेक्झांड्रा वस्तीत. वीज नसल्यामुळं लोक त्या वस्तीला अंधारं शहरच म्हणायचे. कंदिलाला रॉकेल परवडत नव्हतं, म्हणून मेणबत्तीवर वाचायचं. बसचे पैसे वाचवायला कचेरीपर्यंत मैलोन्‌मैल चालत जायचं. कचेरीतल्या मालकानं दिलेला जुना सूट त्यांनी पाच वर्षं वापरला. शेवटी सूट कमी आणि ठिगळं जास्त, अशी त्याची गत झाली. अशा स्थितीत १९४२ अखेर बीए पूर्ण झालं.

१९४३ मध्ये विटवॉटर्सरँड विद्यापीठात एलएलबीला प्रवेश मिळाला. या विद्यापीठाला सगळे विट्स म्हणतात. कायद्याच्या विभागात आफ्रिकन विद्यार्थी ते एकटेच. इथं या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात बोचरा प्रसंग घडतो. कायद्याचे प्राध्यापक हाह्लो यांचं मत होतं की कायद्याचे बारकावे आत्मसात करायला लागणारी शिस्त स्त्रियांकडं आणि आफ्रिकनांकडं नसते. मंडेलांना त्यांनी सुचवलं होतं की तुम्ही विट्समध्ये नसायलाच हवं, युनिसातून पदवी करावी.

दूरशिक्षण इथं सवलत म्हणून येत नाही. 'तुमची जागा इथं नाही, तिकडं टपालात आहे' असं सांगण्याची ती सभ्य पद्धत आहे. आमच्या केंद्रावर येणाऱ्या कितीतरी जणांना कुणीतरी कधीतरी याच सुरात 'मुक्तला कर की' म्हटलेलं असतं. कॉलेजातला कारकून म्हणतो, भावकीतला मोठा म्हणतो, एखाद्या सुनेला सासर म्हणतं. शिक्षण नाकारलेलं नसतं. फक्त खोलीबाहेर ठेवलेलं असतं. विद्यापीठाच्या कागदोपत्री आपला जुना शब्द आहे 'बहिःस्थ विद्यार्थी'. किती नेमका शब्द आहे तो.

विट्समध्ये मंडेला सहाएक वर्षं झगडले. बांटू वेल्फेअर ट्रस्टकडं २५० पौंडांचं कर्ज मागितलं, मिळाले १५०. घरात बाळ आलं. नंतर एक मुलगी झाली आणि नऊ महिन्यांची होऊन गेली. दरम्यान १९४४ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या त्यांच्या राजकीय संघटनेची युवक शाखा उभी राहिली आणि संध्याकाळचा वेळ सभांमध्ये जाऊ लागला. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले. डिसेंबर १९४९ मध्ये त्यांनी राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा द्यायची परवानगी मागणारा अर्ज केला. अर्जात त्यांनी लिहिलेली परिस्थिती अशी: मी अर्धवेळ विद्यार्थी आहे, ऑर्लँडोच्या गोंगाटाच्या वस्तीत राहतो, वीज नाही, रॉकेलच्या दिव्यावर आणि कधी मेणबत्तीवर वाचतो, शहरात ये-जा करण्यात वेळ जातो, घरी पोचायला रात्रीचे आठ वाजून जातात, तेव्हा दमलेला आणि भुकेला असतो.

अर्ज नामंजूर झाला.

हा अर्ज वाचताना दरवेळी वाटतं, हा तर आमच्याच फायलीतला. नाव झाकलं तर ऑर्लँडोच्या जागी सातपूर किंवा कळवा घाला, काही बिघडत नाही. एक मात्र प्रामाणिकपणे म्हणायला हवं. सगळा दोष विट्सचा नव्हता. मंडेलांनी वेळ राजकारणाला दिला होता आणि ते तो देतच राहणार होते. पण पूर्णवेळ, वीज असलेल्या घरातल्या, जेवून अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आखलेला अभ्यासक्रम त्यांच्यापुढं होता. त्या साच्यात न बसणाऱ्याला तिथं वाट नव्हती. वर्गात बसूनही ते बाहेरचेच राहिले.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुढच्या सगळ्याला त्याचा संदर्भ आहे. पदवी नसली तरी मंडेला वकील झालेच. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वकिलांचे दोन वर्ग होते. वरच्या न्यायालयात उभे राहणारे ॲडव्होकेट, त्यांना एलएलबी लागे. ॲटर्नी व्हायला मात्र उमेदवारी आणि पात्रता परीक्षा पुरे. ती परीक्षा ते पास झाले आणि १९५२ मध्ये सहकारी ऑलिव्हर टांबोंबरोबर जोहान्सबर्गच्या चान्सलर हाउसमध्ये 'मंडेला अँड टांबो' अशी पाटी लागली. आपल्याकडं मुंबई इलाख्यातही असाच प्रकार होता. डिस्ट्रिक्ट प्लीडरची सनद कॉलेजात न जाता परीक्षा देऊन मिळे. वल्लभभाई पटेलांनी उसनी पुस्तकं मिळवून स्वतःचा स्वतः अभ्यास केला आणि १९०० मध्ये गोध्र्याला वकिली सुरू केली ती याच वाटेनं. 'घरी अभ्यास करून वकील' ही कल्पना आपल्या मातीत कधी नव्हतीच, असं नाही.

मग पुन्हा एलएलबी कशाला? खटले लढवायचं काम तर चालू होतंच. मला वाटतं अपूर्ण राहिलेली गोष्ट डोक्यात सलते. नोव्हेंबर १९६२ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, प्रिटोरियाच्या तुरुंगात वेळच वेळ होता, आणि त्यांनी लंडन विद्यापीठाच्या एलएलबीला नाव घातलं. लंडन शिकवत नसे, म्हणून ऑक्सफर्डच्या वुल्सी हॉल या टपाली शिकवणी संस्थेचे धडे घेतले. तुरुंगातला अभ्यास म्हटलं की आपल्याला मंडाले आणि टिळक आठवतात. टिळक स्वतः एलएलबी होते, पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालवले होते. पण मंडालेत टिळकांपुढं परीक्षेची तारीख नव्हती. इथं तारीख होती.

आणि ती तारीख कुठं आली ते पाहा. जुलै १९६३ मध्ये मंडेलांच्या साथीदारांच्या रिव्होनियातल्या शेतघरावर धाड पडली, मंडेलांना त्या मोठ्या खटल्यात मुख्य आरोपी केलं गेलं. शिक्षा फाशीची होऊ शकते हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९६४ मध्ये युक्तिवाद संपले, निकालाच्या विचारासाठी न्यायाधीशांनी तीन आठवडे घेतले. त्या दिवसांत मंडेला लंडनच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. पहारेकऱ्यांना गंमत वाटे. तुम्ही जिथं जाणार आहात तिथं कायद्याच्या पदवीचा काय उपयोग, असं ते म्हणायचे. मंडेलांनी पेपर दिले आणि ते पास झाले. वाईट विचारांना जागा राहू नये म्हणून आपण अभ्यासाला चिकटून होतो, असं त्यांनी पुढं सांगितलं. १२ जूनला जन्मठेप झाली.

दूरशिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा इथं दिसतो आणि तो वेळेच्या सोयीचा नाही. अभ्यासक्रम, धडे, परीक्षेची तारीख ही सगळी यंत्रणा हजारो मैलांवर, दुसऱ्या देशात होती. प्रिटोरियातल्या कुणाला ती हलवता येत नव्हती. अंतर विद्यार्थ्याच्या बाजूचं होतं.

जन्मठेप भोगायला जिथं नेलं, त्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात तेच अंतर उलटलं.

बेटावर अभ्यासाची परवानगी मिळाली, पण ती हक्क म्हणून नाही, सवलत म्हणून. हा फरक कागदावर बारीक दिसतो. सवलत दिली जाते तशी काढूनही घेता येते, आणि वागणुकीवरून, मर्जीवरून ती सतत काढली जाई. राजकारण आणि लष्करी इतिहासासारखे विषय बंद. फीचे पैसे घरून यायला हवेत, म्हणजे घरची परिस्थिती नाही त्याचा अभ्यास नाही. आपलं पुस्तक दुसऱ्या कैद्याला द्यायला बंदी, जी अर्थातच पाळली जात नसे.

सुरुवातीला टेबल म्हणून काय मिळालं? छातीच्या उंचीवर भिंतीला बसवलेली फळी. उभं राहून वाचायची. दिवसभर चुनखडीच्या खाणीत कुदळ मारून आलेल्या माणसानं रात्री उभ्यानं कायदा वाचायचा. वर फळी उतरती, म्हणून पुस्तकं घसरायची. सहकैदी अहमद कथ्राडांनी तुरुंगाधिकाऱ्याकडं तक्रार केली, मग फळ्या खाली आल्या आणि बसायला तीन पायांची लाकडी तिवई मिळाली. मी नव्या संमंत्रकांना हा प्रसंग मुद्दाम सांगतो. विद्यार्थी अभ्यास का करत नाही याची कारणं शोधताना आपण त्याच्या जिद्दीपर्यंत जातो, त्याच्या घरी टेबल आहे का हे कुणी विचारत नाही. आमच्या केंद्रावर मी विचारायला लागलो तेव्हा निम्म्याहून जास्त जण मुलांच्या दप्तराशेजारी जमिनीवर बसून स्वाध्याय लिहितात असं निघालं.

पुस्तकांचं तर पुराण आहे. लंडनची यादी मंडेलांना आवडे, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या यादीत कधी आली नसती अशी पुस्तकं त्यात होती. नेमक्या याच कारणानं त्यातली बरीचशी तुरुंगाच्या सेन्सॉरला अयोग्य वाटत. मग ग्रंथालयाकडं अर्ज करायचा. समजा करार कायद्यावरचं पुस्तक मागवलं. ग्रंथालय ते टपालानं धाडणार. टपाल बेटावर पोचायला वेळ, त्यात सेन्सॉरचा मुद्दाम संथ कारभार. पुस्तक येईतो परत करायची तारीख उलटून गेलेली. पहारेकरी ते विद्यार्थ्याला न दाखवता परस्पर परत पाठवत. आणि पुस्तकाचं तोंडही न पाहिलेल्या विद्यार्थ्याला उशिराचा दंड यायचा.

आता 'लवचिक' या शब्दाकडं पुन्हा बघा. वेळापत्रक लवचिक होतं, लंडनला घाई नव्हती. पण पुस्तक पोचवणारी साखळी ज्याच्या हातात, लवचिकता त्याच्याच हातात. त्याला हवं तेव्हा ती ताणता येते, हवं तेव्हा तोडता येते. आज सेन्सॉर नसेल, पण पोर्टल बंद पडतं, पुस्तकांचा संच परीक्षेच्या आधी आठ दिवस येतो, परीक्षाकेंद्र ऐनवेळी दुसऱ्या तालुक्यात जातं. दंड मात्र वेळेवर येतो.

सगळ्यात मोठा फटका १९७७ चा. त्याआधी मंडेला चोरून आत्मचरित्र लिहीत होते. सहकैदी मॅक महाराज यांनी मजकूर बारीक अक्षरात उतरवून घेतला आणि सुटताना तो बाहेर नेला. मूळ कागद कोकोच्या डब्यांत घालून तुरुंगाच्या अंगणात पुरले होते. तिथं भिंतीचं काम निघालं आणि डबे सापडले. मंडेला आणि त्यांचे सहकैदी सिसुलू व कथ्राडा यांची अभ्यासाची सवलत चार वर्षांसाठी गेली. गुन्हा लेखनाचा, शिक्षा अभ्यासाला. एका विषयाचा पेपर राहिला म्हणून वर्ष वाया गेलं असं सांगत कुणी खिडकीशी रडकुंडीला आलं की मला ती चार वर्षं आठवतात. बोलून दाखवत नाही; समोरच्याचं दुःख मोजायची ती वेळ नसते.

याच सुमाराची एक गंमत आहे, तिचा प्रकरणाशी संबंध अर्धाच आहे पण राहवत नाही. १९८१ मध्ये लंडन विद्यापीठाच्या कुलपतिपदाची निवडणूक झाली. तीन उमेदवार: राजकन्या ॲन, कामगार नेते जॅक जोन्स आणि नेल्सन मंडेला. ज्या विद्यापीठाची एलएलबी हातून निसटत होती, त्याच विद्यापीठाचं सर्वोच्च पद मंडेलांना देऊ पाहणारे हजारो पदवीधर निघाले. निवडून ॲन आल्या. लंडनची एलएलबीही पूर्ण झाली नाही ती नाहीच.

१९८२ मध्ये मंडेलांना केप टाउनजवळच्या पोल्समूर तुरुंगात हलवलं गेलं. अखेर पुन्हा युनिसा. जिथं जा म्हणून प्राध्यापकानं चाळीसेक वर्षांपूर्वी हिणवलं होतं, तिथंच. आणि तिथं आडवं आलं ते लॅटिन. डिसेंबर १९८७ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी मंडेलांनी युनिसाच्या निबंधकांना अर्ज लिहिला की लॅटिनच्या पेपरातून मला सूट द्यावी. १९३८ च्या मॅट्रिकला हा विषय मी पास झालो होतो, पण आता त्यातलं जवळजवळ काही आठवत नाही. जन्मठेपेचा कैदी, जगभर नाव, आणि अर्जाचा मजकूर मात्र कुठल्याही बाह्य विद्यार्थ्याचा. विद्यापीठाशी पत्रव्यवहार करताना सगळे सारखेच होतात.

१९८८ मध्ये क्षयरोग झाला. डिसेंबरात त्यांना पार्लजवळच्या व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगाच्या आवारातल्या बंगलीत ठेवलं गेलं. तिथं पोहण्याचा तलावसुद्धा होता, आणि मेजखुर्ची तर होतीच. १९८९ मध्ये युनिसाची एलएलबी मिळाली. केप टाउनला पदवीदान झालं ते त्यांच्या गैरहजेरीत. ११ फेब्रुवारी १९९० ला ते सुटले. त्या पदवीवर त्यांनी एकही खटला चालवला नाही.

मग ती फुकट गेली का? हिशेब मंडेलांपुरता मांडला तर तसं म्हणता येईल. म्हणून मी प्रकरण तिथं संपवत नाही, दुसरं नाव घेतो. डिकगांग मोसेनेके. १९६३ मध्ये पंधराव्या वर्षी शिक्षा होऊन रॉबेन बेटावर गेला, दहा वर्षं राहिला. बीए तिथंच, युनिसातून. कायद्याच्या पदव्याही युनिसाच्याच. हा माणूस दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचा उपमुख्य न्यायाधीश झाला. तिथं युनिसाच्या एलएलबीला कुणी दुय्यम म्हणत नाही, वकिलीच्या दारात तिच्याकडं 'तुमची हजेरी किती होती' असं विचारलं जात नाही.

आता ताईंच्या 'का'कडं येतो. ज्या १९८९ मध्ये मंडेलांना टपालातून एलएलबी मिळाली, त्याच साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एका भारतीय विद्यार्थ्याला सनद नाकारणारा निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या अभ्यासक्रमाची सुरुवातीची वर्षं त्यानं खासगी विद्यार्थी म्हणून, वर्गात न बसता केली होती. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की तीन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम हवा. १९९४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यांबद्दलही तोच निकाल. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवायचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं आहे. तिच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के हजेरी लागते. अडचण असेल तर ६५ पर्यंत सूट मिळू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमावलीतही कायदा हा विषय वैद्यक, अभियांत्रिकीच्या रांगेत बंदीच्या यादीत आहे.

यामागचा युक्तिवाद मला अगदी पोकळ वाटत नाही. उलटतपासणी टपालानं शिकता येत नाही. सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयात समोरच्यानं मध्येच तोडलं की काय होतं, हे स्वाध्यायाच्या वहीत कळत नाही. शिवाय हजेरी काढून टाकली तर घरी बसून पदव्या विकणारी दुकानं किती निघतील, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको. पण मग हजेरीच्या पुस्तकात ७० टक्के आणि वर्गात दहा डोकी, ही जी सर्रास दिसणारी नियमित कॉलेजं आहेत, त्यांचं काय? कागदावर हजर असलेला आणि खरोखर घरी शिकणारा, यांतला पहिला पात्र ठरतो. हा भाग मला पटत नाही आणि खिडकीत बसून मी तो लपवतही नाही.

तुरुंगांत हा प्रश्न हल्ली अगदी उघड्यावर आलाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं जन्मठेपेच्या दोन कैद्यांना एलएलबीच्या वर्गांना ऑनलाइन हजर राहू दिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तळोजा कारागृहातल्या एका कच्च्या कैद्याला सीईटी पास झाल्यावर सिद्धार्थ लॉ कॉलेजात प्रवेश घेऊ दिला, आणि तिथंही चर्चा हजेरीवरच आली. मंडेलांचा प्रश्न टपालाचा होता. आपला हजेरीचा आहे.

हे सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "म्हणजे माझं बीए फुकट?"

मुळीच नाही. बारावी करून मुक्त विद्यापीठातून बीए केलेलं चालतं. गोची होते ती बारावी न करता, पूर्वतयारी करून थेट बीएला आलेल्यांची, कारण बार कौन्सिलच्या नियमात मूळ पात्रतेची पायरी वगळून घेतलेली पदवी धरत नाहीत. त्यांची बारावी झालेली होती, कला शाखेची, नियमित. म्हणजे सीईटी द्यायची, तीन वर्षांच्या एलएलबीला नियमित कॉलेज गाठायचं. सकाळी वर्ग भरवणारं असेल तर उत्तम. नुसतं कायदा समजून घ्यायचं असेल तर इग्नूचं सायबर कायद्याचं प्रमाणपत्र आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या पदविका आहेत; पण त्यातल्या कशावरही काळा कोट चढत नाही. आणि सनद मिळाल्यावरही पूर्णवेळ पगारी नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही, हेही आत्ताच सांगितलेलं बरं.

सगळं त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, ७० टक्के म्हणजे आठवड्यातून किती दिवस?"

सहा दिवस धरले तर सव्वाचारच्या आसपास, मी म्हणालो.

"माझी मुक्कामी गाडी असते तीनदा," त्या म्हणाल्या. "रात्री गावात मुक्काम, सकाळी तिथूनच परत. डेपोत साडेनऊला येते." मागच्या रांगेतला एक जण बीकॉमचा फॉर्म हातात घेऊन पुढं झुकला आणि म्हणाला की आगारप्रमुखांना अर्ज केला तर ड्युटी बदलून मिळते, त्याच्या मेहुण्याला मिळाली होती. कुणाच्या नावानं अर्ज करायचा, ते ताई त्याला विचारू लागल्या.